अन्नपुरवठ्यातील ऊर्जाव्यय

अन्न पिकविणे, ते टिकाऊ स्वरूपात आणणे, वाहून नेणे, साठविणे आणि शिजविणे या सर्व क्रियांसाठी जी ऊर्जा खर्ची पडते, तिचा एकत्रित हिशेब. या हिशेबाचे सामान्यतः तीन टप्पे मानतात. पहिला शेताच्या अलीकडचा, म्हणजे खते, अवजारे, पंप, इंधन व वीज यांच्या निर्मितीचा. दुसरा प्रत्यक्ष शेतावरचा. तिसरा शेताच्या पलीकडचा, म्हणजे प्रक्रिया, वाहतूक, साठवण व स्वयंपाक यांचा. पिकांनी प्रकाशसंश्लेषणाने साठविलेली सूर्याची ऊर्जा खर्चाच्या बाजूस धरीत नाहीत. ती उत्पन्नाच्या बाजूस येते.

या विषयाकडे अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने १९७३ च्या खनिज तेलाच्या टंचाईमुळे वळले. त्याच वर्षी अमेरिकेतील डेव्हिड पिमेंटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी मक्याच्या पिकाचा ऊर्जा-ताळेबंद प्रसिद्ध केला. एक एकक ऊर्जा घालून १९४५ मध्ये मक्याच्या दाण्यांतून सु. ३·७ एकके मिळत होती, तर १९७० मध्ये २·८ च मिळत होती, असा त्यांचा निष्कर्ष होता. लगेच पुढील वर्षी जॉन व कॅरल स्टाइनहार्ट यांनी अमेरिकेच्या संपूर्ण अन्नव्यवस्थेचा हिशेब मांडला. त्यानुसार एकूण व्ययापैकी शेतीसाठी लागणारा भाग एक-चतुर्थांशाच्या आसपासच होता. उरलेला कारखाने, वाहतूक, दुकाने व स्वयंपाकघरे यांत होता. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २०११ मध्ये केलेल्या अंदाजाप्रमाणे जगातील एकूण ऊर्जावापरापैकी सु. ३० टक्के वापर अन्नासाठी होतो व त्यातील ७० टक्क्यांहून अधिक शेताच्या पलीकडे होतो. श्रीमंत देशांत या पलीकडच्या भागात प्रक्रिया व वितरण यांचा वाटा मोठा असतो, तर गरीब देशांत चुलीचा.

महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाचा कोल्हापूर जिल्हा हा या तिन्ही टप्प्यांच्या अभ्यासासाठी सोयीचा नमुना आहे. पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यावरील गगनबावड्यात वर्षाला ५,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेस शिरोळ तालुक्यात तो ५०० ते ६०० मिमी.च्या घरात राहतो. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, आजरा व चंदगड या भागांत पावसावरचे भात व नाचणी ही पिके बाहेरून फारशी ऊर्जा न घेता येतात. तेथे भाताचा तरवा टाकण्यापूर्वी डहाळ्या, पालापाचोळा व शेण पसरून जमीन भाजण्याची राबाची पद्धत जुनी असून शेतात थेट जळण जाळण्याचे ते एक उदाहरण आहे. पूर्वेकडील करवीर, हातकणंगले व शिरोळ हे तालुके मात्र उसाचे आहेत. एका जिल्ह्यात दोन प्रकारची शेती इतकी जवळजवळ क्वचितच आढळते.

पाणी उचलण्याचा व्यय : कोल्हापूरच्या शेतीत शेताअलीकडच्या ऊर्जेचा सर्वांत मोठा भाग पाण्यावर खर्च होतो. त्याचे कारण येथील सिंचनपद्धतीतच आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०८ च्या सुमारास भोगावती नदीवर राधानगरी धरणाचे काम सुरू केले. ते पूर्ण होण्यास स्वातंत्र्योत्तर काळ उजाडला. धरणातून सोडलेले पाणी कालव्यांनी शेतापर्यंत नेण्याऐवजी ते नदीच्या पात्रातच जागोजागी अडविण्याची रीत कोल्हापूर संस्थानात रूढ झाली. त्यासाठी दगडी खांबांच्या खाचांत पावसाळा संपताच फळ्या (बरगे) बसवितात व पुढील पावसाळ्यापूर्वी काढून घेतात. हाच ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ पुढे राज्यभर बांधला गेला. बांधकामास तो स्वस्त असतो, त्यात जमीन बुडत नाही व पुरास अडथळाही कमी होतो. परंतु कालव्याचे पाणी उताराने आपोआप वाहते, तसे बंधाऱ्याचे वाहत नाही. ते खोल पात्रात राहते आणि प्रत्येक लिटर काठावर चढवावा लागतो. बांधकामावर जो खर्च वाचला, तो पुढे दरवर्षी ऊर्जेच्या रूपाने शेतकऱ्याकडे आला, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

या चढावाचे मान काढता येते. उसाच्या एका हेक्टरास पावसाव्यतिरिक्त १५० सेंमी. पाणी दिले, तर ते १५,००० घनमीटर होते. ३० मी. उंचीवर ते चढविण्यास निव्वळ सु. १,२२५ किलोवॉट-तास (युनिट) कार्य करावे लागते. पंप, मोटार व नळ मिळून कार्यक्षमता ५० टक्के धरल्यास सु. २,४५० युनिट वीज लागते. मोटार जुनी, अनेकदा गुंडाळून घेतलेली व नळ अरुंद असल्यास कार्यक्षमता ३० टक्क्यांवर येते आणि हाच आकडा ४,००० युनिटांच्या वर जातो. पाणी किती दिले यापेक्षा ते कशाने उचलले यामुळे पडणारा हा फरक शेतकऱ्याच्या नजरेस सहसा येत नाही.

विजेपूर्वी हे काम मोटेने होत असे. बैलजोडीची उपयुक्त शक्ती सु. ०·७५ किलोवॉट असते. ती दिवसाचे सहा तास राबली, तर ४·५ युनिटांइतके कार्य करते. म्हणजे वरील पाणी केवळ १० मी. खोलीच्या विहिरीतून उपसायलाही एका जोडीस ९० हून अधिक दिवस लागतील. मोटेतून सांडणारे पाणी व बैलांचा परतीचा फेरा यांचा हिशेब यात नाही. ३० मी. चढाव मोटेच्या आवाक्यातच नव्हता. त्यामुळे जुना ऊस विहिरींच्या व पाटांच्या आसपासच राहिला. मोटेचे बैल कडबा व उसाचे वाडे खात. त्यांचे इंधन शेतातच पिकत असे. तेलावर चालणाऱ्या एंजिनाने हा संबंध प्रथम तोडला. किर्लोस्करवाडी व पुणे येथील कारखान्यांबरोबरच कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील ओतशाळा आणि यंत्रशाळा यांची वाढ या एंजिनांच्या व उसाच्या चरकांच्या दुरुस्तीतून व निर्मितीतून झाली. पुढे महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाची स्थापना (१९६०) व कोयना प्रकल्पाची वीज यांमुळे नदीकाठी विद्युत् पंप बसले. अनेक शेतकऱ्यांनी एकत्र येऊन काढलेल्या सहकारी पाणीपुरवठा संस्थांनी काही किलोमीटर लांबीचे नळ टाकून नदीचे पाणी माळावर नेले. एके काळी जेथे ज्वारीही बेताची येई, तेथे ऊस उभा राहिला.

पाणी उचलण्याच्या सुलभतेची दुसरी बाजूही आहे. शिरोळ तालुक्यातील काळ्या, सखल जमिनींत गरजेहून अधिक पाणी दिल्याने हजारो एकर क्षेत्र पाणथळ व क्षारपड झाले. ते पुन्हा लागवडीस आणण्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र नळ घालून पाण्याचा निचरा करावा लागला. वीज खर्चून चढविलेले पाणी पुन्हा पैसे खर्चून काढून टाकण्याचा हा प्रकार होय.

खते : नत्रयुक्त खतातील ऊर्जा शेतावर दिसत नाही. ती नैसर्गिक वायूच्या रूपाने थळ किंवा तुर्भे येथील कारखान्यांत आधीच खर्च झालेली असते. हवेतील नायट्रोजन व वायूपासून मिळणारा हायड्रोजन यांचा उच्च दाबाखाली संयोग करून अमोनिया व त्यापासून यूरिया बनवितात. एक टन यूरियास सु. २५ गिगाजूल ऊर्जा लागते. आडसाली उसास (जुलै-ऑगस्टमध्ये लावलेल्या व सु. १६ ते १८ महिन्यांनी तुटणाऱ्या) महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हेक्टरी ४०० किग्रॅ. नत्राची शिफारस केली आहे. भारतातील अशा अभ्यासांत एक किग्रॅ. नत्रास ६०·६ मेगाजूल व एक युनिट विजेस ११·९३ मेगाजूल हे सममूल्य रूढ आहे. विजेचा आकडा मोठा दिसतो, कारण त्यात औष्णिक केंद्रात वाया जाणारी उष्णताही धरली आहे. या मापाने नत्राचे सु. २४,००० व वरील २,४५० युनिटांचे सु. २९,००० मेगाजूल होतात. हेक्टरी १०० टन ऊस व १२ टक्के साखर उतारा धरल्यास (या जिल्ह्याचा उतारा देशात उच्च गणला जातो) १२ टन साखर मिळते व तिच्यात सु. २ लक्ष मेगाजूल अन्न-ऊर्जा असते. म्हणजे पाणी व नत्र या दोनच बाबी साखरेतील ऊर्जेच्या चतुर्थांशाहून किंचित अधिक होतात.

प्रत्यक्ष शेतावरचा व्यय त्या मानाने थोडा असतो. नांगरट व सरी काढणे ट्रॅक्टरने होते. खुरपणी, बांधणी व तोडणी अजून बव्हंशी माणसांच्या हाताने होते. प्रौढ पुरुषाच्या श्रमाचे सममूल्य तासाला १·९६ व स्त्रीच्या श्रमाचे १·५७ मेगाजूल धरतात. ऊसतोड टोळीचे दिवसभराचे कष्ट अशा हिशेबात काही लिटर डीझेलपुरते उरतात. ऊर्जेच्या ताळेबंदाची ही एक उघड मर्यादा मानली पाहिजे. याच टप्प्यातील मोठी उधळपट्टी पाचटाची आहे. हेक्टरी सु. ८ ते १० टन वाळलेले पाचट तोडणीनंतर शेतात राहते. ८ टन धरले तरी त्यात सु. १·२ लक्ष मेगाजूल उष्णता असते, म्हणजे पाणी व नत्र यांवरील एकत्रित खर्चाच्या दुपटीहून अधिक. खोडव्यासाठी रान मोकळे करण्याच्या घाईत ते अनेकदा पेटवून देतात. सरीत कुजविल्यास त्यातील नत्र व सेंद्रिय द्रव्ये जमिनीस मिळतात आणि ओल टिकल्याने पाण्याच्या पाळ्याही कमी होतात.

गुऱ्हाळ व साखर कारखाना : उसाचे वैशिष्ट्य असे की, तो आपले इंधन बरोबर घेऊनच येतो. टनामागे सु. २८० किग्रॅ. ओली चिपाडे (बगॅस) निघतात. १०० टन उसाच्या चिपाडांत २ लक्ष मेगाजूलांच्या आसपास उष्णता असते, म्हणजे जेवढी साखर तेवढेच जळण. भाताला, गव्हाला किंवा भाजीपाल्याला ही सोय नाही.

कोल्हापुरी गुळाची बाजारपेठ शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसविलेल्या शाहूपुरीत वाढली. २०१४ मध्ये या गुळास भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली. गुऱ्हाळात रस काहिलीत घालून चुलवणावर उघडाच आटवितात. एक किग्रॅ. गुळासाठी सु. ४ किग्रॅ. पाण्याची वाफ करावी लागते. रस तापविणे व वाफ करणे यांस मिळून १० ते ११ मेगाजूल उष्णता लागते, तर गुळाचे अन्नमूल्य सु. १६ मेगाजूल असते. वाफ हवेत निघून जाते व धुराड्यावाटेही उष्णता जाते, त्यामुळे जुन्या चुलवणात जळणातील उष्णतेचा चौथा हिस्साच रसाला पोहोचला, तरी गुळव्या समाधान मानतो. चिपाडे उन्हात नीट वाळली नाहीत किंवा चरकाने रस कमी काढला, तर आधण उतरविण्यास बाहेरचे जळण आणावे लागते. कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्राने गुऱ्हाळाच्या सुधारणेवर काम केले आहे. दोन वा तीन काहिलींच्या भट्टीत पहिलीखालून निघालेली तप्त हवा पुढील रस तापविते. [⟶ गूळ].

कारखान्यात हेच पाणी बंद पात्रांच्या मालिकेत आटवितात. पहिल्या पात्रातील रसाची वाफ दुसऱ्यास व दुसऱ्यातील तिसऱ्यास तापविते. चार पात्रांच्या मालिकेत एक किग्रॅ. वाफेवर सु. ४ किग्रॅ. पाणी उडते. त्यामुळे चिपाडे शिल्लक राहू लागली. पूर्वी ती संपवून टाकणे हीच अडचण होती व बाष्पित्रे मुद्दाम ढिसाळ ठेवली जात. सहवीजनिर्मितीने हे चित्र पालटले. २१ ते ४५ किग्रॅ./चौ. सेंमी. दाबाच्या बाष्पित्रांऐवजी ६७ किंवा त्याहून अधिक दाबाची बाष्पित्रे बसवून वाफेपासून प्रथम वीज व मग उरलेल्या उष्णतेवर साखर, असा क्रम जिल्ह्यातील अनेक कारखान्यांनी स्वीकारला. टनभर उसामागे कारखान्यास स्वतःला २५ ते ३० युनिट लागतात. त्यावरची वीज जाळ्यास विकता येते. वर्षभर पंपाने घेतलेल्या ऊर्जेपैकी काही भाग अशा रीतीने गळीत हंगामात परत मिळतो, मात्र तो शेतकऱ्याच्या नव्हे, कारखान्याच्या खाती जमा होतो. [⟶ साखर उद्योग].

दूध : कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाच्या (‘गोकुळ’) स्थापनेनंतर (१९६३) म्हशीचे दूध हे जिल्ह्याचे मोठे उत्पन्न झाले. म्हशी मुख्यतः वाडे, कडबा व गवत यांवर पोसल्या जात असल्याने दुधाच्या ऊर्जेचा हिशेब गोठ्याबाहेर पडल्यावर वाढतो. धारोष्ण दूध ४° से.पर्यंत थंड करण्यास हजार लिटरांमागे सु. १२ युनिट वीज पुरते. त्याहून वाहतूक भारी पडते. १०,००० लिटरांचा टँकर एका लिटर डीझेलमध्ये ४ किमी. चालतो असे धरल्यास, मुंबईच्या सु. ८०० किमी.च्या जाण्यायेण्यास २०० लिटर डीझेल लागते. दर लिटर दुधामागे ते ०·७ मेगाजूल होते. लिटरभर म्हशीच्या दुधातील अन्न-ऊर्जा ४ मेगाजूलांच्या आसपास असते.

स्वयंपाक : सर्वांत मोठा पण सर्वांत कमी नोंदला गेलेला व्यय चुलीचा होय. चुलीत लाकडातील उष्णतेचा १० ते १५ टक्के भाग भांड्याला लागतो, वायूच्या शेगडीत ६० टक्क्यांहून अधिक. पाच माणसांच्या कुटुंबास १४·२ किग्रॅ.चे सिलिंडर ४० दिवस पुरले, तर माणशी रोज सु. ३·३ मेगाजूल पडतात. तेवढाच स्वयंपाक चुलीवर करण्यास माणशी सु. १ किग्रॅ. लाकूड, म्हणजे १६ मेगाजूल लागतात. प्रौढ माणूस दिवसाला जे अन्न खातो, त्यात ९ मेगाजूलांच्या आसपास ऊर्जा असते. तेव्हा चुलीवरच्या जेवणात पोटात जाणाऱ्या ऊर्जेहून अधिक ऊर्जा चुलीत जाते. अमूल्य रेड्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्नाटकातील खेड्यांच्या पाहणीत हेच दाखविले होते. गावाच्या ऊर्जेचा बहुतांश भाग जळाऊ लाकडातून येत होता व ते मुख्यतः स्वयंपाकासाठी जळत होते.

कोल्हापूरच्या खेड्यांत लाकडाबरोबर शेणी (गोवऱ्या), तुराट्या व चिपाडेही जळतात. जळण गोळा करणे, शेणी थापणे व धूर सोसणे हे स्त्रियांच्या वाट्याचे काम कोणत्याही आकड्यात येत नाही. जनावरे गोठ्यात बांधलेली असल्याने या जिल्ह्यात गोबर वायुसंयंत्रे चांगली रुजली. सु. २५ किग्रॅ. शेणापासून घनमीटरभर वायू मिळतो. पाच माणसांना दोन घनमीटर, म्हणजे चार-पाच म्हशींचे शेण लागते. शेणीप्रमाणे यात खत जळून जात नाही, मळी शेतास परत मिळते. एकच म्हैस असलेल्या घरास मात्र त्याचा उपयोग नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने सिलिंडर गरीब घरांत पोहोचविले. तरी भाकरीसाठी व आंघोळीचे पाणी तापविण्यासाठी चूल अनेक घरांत टिकून आहे, कारण ते जळण विकत घ्यावे लागत नाही.

परावलंबन : बाहेरच्या ऊर्जेवर उभी राहिलेली अन्नव्यवस्था किती नाजूक असते, हे ऑगस्ट २०१९ च्या महापुरात दिसले. पंचगंगेचे पाणी चढताच पुणे–बंगळूरू महामार्ग शिरोलीजवळ अनेक दिवस बंद पडला. दूध संकलन थांबवावे लागले, पेट्रोल व डीझेल अत्यावश्यक सेवांसाठी राखून ठेवावे लागले. नदीकाठचे पंप व रोहित्रे पाण्याखाली गेल्याने शहरात चहूकडे पूर असताना पिण्याच्या पाण्याची टंचाई झाली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तशीच वेळ आली. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मोटारी काठावर ओढून घेण्याची शेतकऱ्यांची रीत आहे. पण पाणी नेहमीच्या खुणेवर चढले, तर ती पुरत नाही.

पुराखेरीज एरवीची अडचण विजेच्या वेळापत्रकाची असते. शेतीची वीज पाळीपाळीने दिवसा व रात्री मिळत असल्याने आठवड्याचे काही दिवस शेतकऱ्यास रात्री पाणी पाजण्यास जावे लागते. यावर उपाय म्हणून राज्याने २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजना हाती घेतली, तर केंद्राची सौरपंपांची ‘कुसुम’ योजना २०१९ मध्ये आली. स्वतंत्र सौरपंप विहिरीवरील लहान मोटारीस सोयीचा असतो. अनेक अश्वशक्तीच्या मोटारी लावून टप्प्याटप्प्याने पाणी चढविणाऱ्या नदीवरील संस्थांना तो पुरत नाही. त्यांना वाहिनीवरच अवलंबून राहावे लागते. २०२४ मध्ये राज्याने ७·५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देण्याचे जाहीर केले. सामाईक नळयोजनांच्या मोठ्या मोटारी बहुधा या मर्यादेबाहेर राहतात. त्यामुळे एकाच नदीकाठी विहिरीवरून पाणी घेणाऱ्यास विजेचे देयक नाही आणि संस्थेच्या नळावरून माळावर पाणी घेणाऱ्यास पाणीपट्टीतून ते भरावे लागते, अशी स्थिती निर्माण झाली.